तिसरा पुकारा

८ नोव्हेंबर १९६८, शुक्रवार

काल एलीचा साखरपुडा झाला. मी गेलो नाही. सगळी नाटकमंडळी गेली, पोटभर जेवून आली. मी खोलीत बसून दुसऱ्या अंकाच्या तीन प्रती काढल्या. काढून झाल्यावर बघतो तर तिन्हींत खलपुरुषाचं नाव पोत्तन असं पडलेलं. एलीच्या होणाऱ्या नवऱ्याचं नाव पोत्तन. कुट्टनाडच्या पाण्यात मोटारबोट चालवतो. तिन्ही प्रती फाडून टाकल्या आणि पुन्हा लिहायला बसलो.

मनातलं कुणाला सांगता येत नाही, म्हणून ही वही.

मार्चमध्ये मी कॉलेज सोडलं. वडील म्हणतात, "काढलं." खरं एवढंच, की नाटकात कामं करणाऱ्या बायकांबद्दल वसतिगृहाचे फादर एक वाक्य बोलले आणि मी त्यांच्या पांढऱ्या झग्यावर शाईची दौत ओतली. आदल्या आठवड्यातच मी एलीला रंगमंचावर पहिल्यांदा पाहिलं होतं. तिथून जो निघालो तो थेट कुरुविळा सारांच्या दारात.

सार म्हणजे मास्तर; आमच्या चर्चच्या शाळेचे हेडमास्तर. तीस वर्षं नाटकं लिहितात. कोट्टयमपासून समुद्रापर्यंत असं चर्च नसेल जिथं जत्रेला त्यांचं नाटक झालं नाही. ढोंगी माणूस शेवटच्या अंकात उघडा पडतो आणि बायका पदराला डोळे पुसत घरी जातात. सारांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ते सांगतात, मी लिहितो. त्यांची बायको, रेहेल अम्मच्ची, मला मुलगा समजून 'मोने', बाळा, म्हणते आणि जेवू घालते. त्यांना मूलबाळ नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, संपताना फादर कोरांनी लग्नांची वही उघडली. "आपल्या धर्मग्रामातील कै. वर्की यांची कन्या एली आणि कैनकरी येथील पोत्तन यांचा विवाह ठरला आहे. या विवाहाला काही बाधा आहे असं कोणास ठाऊक असेल तर त्यानं मला कळवावं. ठाऊक असून लपवणं पाप आहे. हा पहिला पुकारा."

असे तीन रविवार. तिसरा चोवीसला, लग्न पंचवीसला. त्यापुढे सवडच नाही, कारण एक डिसेंबरपासून नाताळचे उपास लागतात आणि उपासात लग्न होत नाही.

माझं प्रेम ही बाधा होते का, हे कुणाला विचारावं?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात तालीम. नवं नाटक 'साक्ष', जानेवारीच्या जत्रेसाठी. टिपूच्या स्वारीच्या काळातली गोष्ट. गावचे प्रतिष्ठित एका विधवेवर आळ घेतात, सगळं गाव पाहून न पाहिल्यासारखं करतं आणि शेवटी एक आंधळा भिकारी उठून खरं सांगतो. विधवा एली. भिकारी स्वतः सार.

एली आली ती माझ्याकडेच. "काय रे अविरा, साखरपुड्याला तोंड का लपवलंस? तुझ्या वाटणीची दोन कटलेटं पोत्तननं खाल्ली."

"खाईल. बोटवाल्यांना भूक फार."

"अगदी खरं!" असं म्हणून हसली. "आणि म्हणतो, जानेवारीपर्यंत काम सोडू नकोस, मी पहिल्या रांगेत बसून शिट्टी मारीन."

बायकोला शिट्टी मारणारा नवरा! बिचारी हसून दुःख लपवते. मला कळतं. दुसऱ्या कुणाला कळत नाही.

चाली बसवायला आलप्पीहून दामोदरन भागवतर आले होते. पेटी ते वाजवतात. बोटं कायम तपकिरीनं तांबूस, पट्ट्यांवरसुद्धा डाग. सार दर गुरुवारी त्यांच्याकडे चाली ठरवायला जातात. दोघांचं इतकं जुळलंय की सार बोलायला श्वास घेतात आणि यांचा सूर लागतो. भिकाऱ्याचं वाक्य आज ऐकताना अंगावर काटा आला: "ज्यांना दिसतं ते गप्प बसले, म्हणून आंधळ्याला बोलावं लागतंय." अम्मच्ची सगळ्यांसाठी काळी कॉफी घेऊन आली होती, ती किटली हातात धरून तशीच उभी राहिली.

१३ नोव्हेंबर, बुधवार



तिसऱ्या अंकाचे कागद लावत होतो. मधे एक पान निघालं, सारांच्या स्वतःच्या हातचं. ओळी एकमेकींवर चढलेल्या, पण अक्षर त्यांचंच. मला सांगून लिहवलेलं नाही, म्हणजे मला कळू द्यायचं नव्हतं. दहा वेळा वाचलं. पाठ झालं:

"गुरुवारची बस चुकली की माझा आठवडा कोरा जातो. वर्गात फळ्याकडे बघतो आणि तुझ्या ओसरीची पायरी दिसते. तुझ्या बोटांचा तपकिरीचा वास माझ्या उशीला कुठून यावा? तरी येतो. जगापुढे मी इतकं खरं बोलतो की देवालाही वाटत असेल, हा माणूस स्वच्छ आहे. मी काय आहे ते तुलाच ठाऊक."

नाव नाही. पण नाव हवंय कशाला? पान निघालं ते एलीच्या प्रवेशातून. गुरुवारी एलीही आलप्पीला जाते, म्हणे लग्नाचे कपडे शिवायला. तपकिरीचं काही क्षण अडलं. मग आठवलं, तिची आई तपकीर ओढते, लेकीच्या हाताला वास लागणारच.

म्हणजे हा पन्नाशीचा माणूस! आणि अम्मच्ची रोज त्यांचे पाय चेपते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सारांच्या मागच्या बसनं आलप्पीला गेलो. कालव्याकाठी भागवतरांचं घर, एकटेच राहतात. समोरच्या सुंभाच्या ढिगाआड उभा राहिलो. खिडकी उघडी होती.

एली नव्हती. सार चटईवर आडवे, डोकं भागवतरांच्या मांडीवर. भागवतर त्यांच्या डोळ्यांत औषध घालत होते. पापणी अंगठ्यानं धरायची, थेंब सोडायचा, मग हलकेच फुंकर. एका डोळ्याला इतका वेळ लावला की माझे पाय अवघडले. पेटी कोपऱ्यात झाकलेली होती. चाली वगैरे काही नाही.

औषध काय, अम्मच्चीही घालेल. पण तिचा हात कापत असेल. असो. तासभर थांबलो, एली काही आली नाही. नक्की मी आल्याचा सुगावा लागला.

१७ नोव्हेंबर, रविवार

दुसरा पुकारा. "ठाऊक असून लपवणं पाप आहे" म्हणताना फादरांनी माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. मिस्सेनंतर पान घेऊन त्यांच्या घरी गेलो.

फादर कोरांनी चष्मा लावून वाचलं, काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"हे एलीला आहे असं कुठं लिहिलंय?"

"नाव कोण लिहितो, फादर?"

"तू कुणाला लिहितोस का?"

मी पान परत घ्यायला हात पुढे केला.

"अविरा, तुला बाधा ठाऊक आहे, की बाधा हवी आहे?"

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "लपवणं पाप आहे असं तुम्हीच पुकारलंत. आता मी सांगितलं तर मीच पापी?"

त्यांनी पान घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. "जा. आणि बाहेर एक अक्षर बोलू नकोस."

मी बोललो नाही. पण चर्चचा सेवक तोम्मी दाराबाहेर मेणबत्त्यांचं मेण खरवडत होता, आणि एवढा वेळ एकच मेणबत्ती खरवडत होता.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

गावभर झालं. तालमीला एली आली नाही. पोत्तनचा मामा कैनकरीहून आला आणि एलीच्या आईला अंगणातूनच सांगून गेला की फादरांनी तिसरा पुकारा केला तर लग्न, नाही केला तर अंगठी परत पाठवा. फादर म्हणतात, उलगडा झाल्याशिवाय पुकारणार नाही.

सारांना बोलावणं गेलं होतं. तिथं काय झालं ते तोम्मीनं चहाच्या टपरीवर करून दाखवलं. सार म्हणे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "फादर, हा नाटकातला संवाद आहे."

"कुठल्या नाटकातला?"

"साक्षमधला."

"टिपूच्या काळातलं ना ते? तेव्हा गुरुवारी बस होती?"

टपरी हसून लोळली. मीही हसलो. मग हसू थांबलं, कारण कुणीतरी म्हणालं, "मास्तर पुरुष आहे, तो धुतला जाईल. पोरीचं काय?"

२० नोव्हेंबर, बुधवार

विहिरीपाशी एली समोर आली. डोळे सुजलेले.

"पत्र तू दिलंस?"

"हो. तुला वाचवायला."

"कशातून वाचवायला?"

मला बोलायचं होतं ते सगळं एकदम आलं. हे लग्न तुझ्या मनाविरुद्ध आहे, सार तुला फसवतायत, मी तुझ्यासाठी कॉलेज सोडलं, मी पोत्तनसारखा अडाणी नाही. ती ऐकत राहिली. नंतर बादली खाली ठेवली.

"अरे गाढवा, पोत्तन मीच ठरवलाय. दोन वर्षं त्याच्या बोटीतून गरज नसताना पलीकडे जात होते आणि परत येत होते. आईला पटवायला वर्ष गेलं. माझ्या धाकट्या भावासारखा म्हणून तुझ्याशी चार शब्द बोलत होते, आणि तू माझ्या गळ्याला धोंडा बांधून आलास."

"पण ते पत्र..."

"मला काय ठाऊक कुणाचं पत्र! सारांनी मला कधी 'बाळा, मोठ्यानं बोल' याखेरीज काही म्हटलं नाही." मग हळू आवाजात म्हणाली, "पोत्तन म्हणतो, मी कुणाचं ऐकणार नाही. पण फादरांनीच नाही पुकारलं तर तो तरी काय करील? उपासानंतर त्याचे लोक दुसरीकडे ठरवतील. नाटकातली बाई म्हणून मला मग कोण घेतं ते तूच सांग."

मी 'मी' म्हणालो नाही. तेवढी लाज उरली होती.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

धावत जाऊन फादरांना म्हणालो, माझी चूक झाली. ते म्हणाले, "पान तर खरं आहे ना? मग चूक काय, बरोबर काय, हे आता पान लिहिणाऱ्यानं सांगायचं."

सार आज आलप्पीला गेले नाहीत. शाळेतून आले आणि सांगायला बसले. मी लिहायला बसलो. भिकारी चावडीवर येतो तो प्रवेश. वाक्यावर वाक्य येत होतं, एकापेक्षा एक. माझा हात थांबला.

"सार, एलीला नाही तर कुणाला ते सांगून टाका ना. एका शब्दाचं काम आहे."

"लिही," सार म्हणाले. "'हे लोकहो, सत्याला डोळे लागत नाहीत.'"

"सार, त्या पोरीचं लग्न..."

"लिही, अविरा." आवाज चढला नव्हता. कपाळावर घाम होता. मला आपलं वाटलं, की त्यांच्या डोळ्यांना त्रास होत असावा. गुरुवारचं औषध चुकलं.

अम्मच्ची दारात उभी होती. तिनं विचारलं, "तो भिकारी बोलतो केव्हा?"

"शेवटच्या अंकात," सार म्हणाले.

"उशीर नाही होत?"

सारांनी मला पुढचं वाक्य सांगितलं. रात्रीचं जेवण झाल्यावर ती स्वयंपाकघरात नारळ खवत बसली होती. मला हाक मारली. "मोने, त्या पानात काय होतं ते तुला पाठ आहे ना? म्हण."

म्हटलं. नारळ खवणं थांबलं नाही.

"तपकिरीचं पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं.

"बरं. जा, झोप."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. जुनी गोष्ट पुन्हा ऐकावी तसा चेहरा होता.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

फादरांनी दहा वाजता सगळ्यांना बोलावलं. मी, सार. बाहेर ओट्यावर एली आणि तिची आई. अम्मच्चीला बोलावणं नव्हतं, तरी ती पांढरं स्वच्छ नेसून आमच्या मागोमाग आली आणि कुणी 'बस' म्हणायच्या आत खुर्चीवर बसली.

फादर म्हणाले, "हेडमास्तर, शेवटचं विचारतो. हे पान कुणाला लिहिलंत?"

सार उभे. ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील.

"मला," अम्मच्ची म्हणाली.

फादर वळले. "तुम्हाला?"

"मग काय शेजारणीला? लग्नानंतर पहिली दोन वर्षं आई आजारी म्हणून मी माहेरी होते, आलप्पीला. हे गुरुवारच्या बसनं यायचे. तेव्हाचं आहे. जपून ठेवलं होतं, परवा साफसफाईत यांच्या कागदांत गेलं. आता काय म्हातारपणी नवऱ्याची चिठ्ठी गावात वाचून दाखवणार आहात, फादर?"

फादरांनी पान उघडलं. "यात तपकिरीचं आहे."

अम्मच्चीनं कमरेची पिशवी सोडली. आतून पितळी डबी काढली, अगदी नवी. दोन बोटांत चिमूट घेतली आणि फादरांच्या समोर नाकात ओढली. तिचे डोळे पाण्यानं भरले. शिंक आवरली.

मी आठ महिने त्या घरात राहतो. अम्मच्ची तपकीर ओढते हे मला आज कळलं. किती कमी लक्ष असतं माझं!

फादरांनी चष्मा काढला. "रेहेल, तुम्ही देवाच्या घरच्या माणसासमोर बोलताय."

"ठाऊक आहे."

"पवित्र ग्रंथावर हात ठेवाल?"

इथं सार म्हणाले, "रेहेल." एवढंच म्हणाले. ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुम्हाला दुसरं काही सांगायचंय का? मग सांगा. मी थांबते."

ती खरंच थांबली. सार खिडकीकडे बघू लागले.

तिनं ग्रंथावर हात ठेवला. हात जराही कापत नव्हता. म्हणजे डोळ्यांत औषध तीही घालू शकेल.

फादरांनी ते पान तिच्या हातात दिलं. तिनं ते चार घड्या करून डबीत ठेवलं. बाहेर आल्यावर एलीची आई तिच्या पाया पडायला वाकली, तेव्हा अम्मच्चीला जी शिंकांची उबळ आली ती थेट घरापर्यंत. एली रडत रडत हसली. सार आमच्या पंधरा पावलं मागून येत होते.

माझी मलाच शरम वाटते. तीस वर्षांपूर्वीचं नवराबायकोचं प्रेम, आणि मी त्यात काय काय पाहिलं! एकच गोष्ट उगीच डोक्यात वळवळते. पानावरची शाई ती निळी-जांभळी, गेल्या महिन्यात मीच आणलेल्या बाटलीची दिसत होती. पण जुनी शाईही रंग बदलत असेल. आणि अम्मच्ची ग्रंथावर हात ठेवून खोटं बोलेल? ती तर पहाटे चारला उठून माळ जपते.

२४ नोव्हेंबर, रविवार

तिसरा पुकारा झाला. बाधा कुणी कळवली नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

लग्न. पोत्तन खरोखर फार खातो. मला मिठी मारून म्हणाला, "तूच ना तो अविरा? ये कधी, बोटीतून फुकट फिरवतो." यापेक्षा त्यानं मला मारलं असतं तर बरं, आता त्याच्यावर रागही धरता येईना. एली पांढऱ्या साडीत होती. मी वाढप केलं. काम असलं की बरं असतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सार आलप्पीला गेले. अम्मच्चीनं डबा बांधून दिला, दोन माणसांचा. "भागवतर एकटे राहतात, त्यांना कोण करून घालणार," म्हणाली. अशी बाई पाहिली नाही.

१ डिसेंबर, रविवार

काल मी पापनिवेदन केलं. मनात पाप ठेवून ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. खोटा आळ घेतला म्हणून फादरांनी तीन माळा जपायला सांगितल्या. मला वाटलं होतं जास्त होतील.

आज उपासाचा पहिला रविवार. चर्च गच्च. उपाशीपोटीच घ्यायच्या ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली तसे पुरुष डावीकडून, बायका उजवीकडून पुढे निघाल्या. पुरुषांत सर्वांत पुढे सार, नेहमीसारखे, हात जोडलेले, मान किंचित झुकलेली. त्यांनी प्रसाद घेतला आणि डोळे मिटून परत आले. एवढा शांत चेहरा मी फार थोड्यांचा पाहिलाय.

अम्मच्ची उठली नाही. तिच्या आजूबाजूच्या बायका उठून गेल्या आणि रिकाम्या चटयांत ती एकटीच गुडघ्यावर राहिली. फादर कोरांच्या ते लक्षात आलं असावं. सगळ्यांना देऊन झाल्यावर ते पात्र घेऊन खाली उतरले, थेट तिच्यापर्यंत आले. तिनं वर पाहिलं. तोंड उघडलं नाही. फादर थोडे थांबले, मग परत वेदीकडे गेले. परतताना त्यांची पावलं म्हाताऱ्यासारखी पडत होती.

वाटेत मी विचारलं, "अम्मच्ची, प्रसाद का नाही घेतलात?"

"गुडघा दुखतोय, मोने. उठवेना."

पण ती सगळा वेळ गुडघ्यावरच तर होती. मी म्हणालो, "फादर आजाऱ्यांना घरी आणून देतात. पुढच्या रविवारी यायला सांगू?"

"नको. हे दुखणं काही एकदोन रविवारांत जाणारं नाही. त्यांना किती फेऱ्या घालायला लावायच्या?"

घर आल्यावर तिनं पदर खोचला, चूल फुंकली. सार ओसरीवर बसले होते, पाठमोरे. ती मला म्हणाली, "पानं घे. सारांचा उपास सुटायचाय."